मत दिलेलं बोट

त्या बातमीतली बाई कोण, हे मला बातमी संपायच्या आत कळलं होतं. निदान मला तसं वाटलं होतं. मी ओकबुन. तीस वर्षं या बाजारात तोंडीलावणी विकतेय. मुळ्याची, पालकाची, सुक्या मासळीची, जे मागाल ते. कोणाच्या घरात काय शिजतंय ते हिला झाकणावरून कळतं, असं आमचे हे म्हणतात. ते कौतुकानं म्हणतात असं मी परवापर्यंत समजत होते.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही बाजारातल्या सहा जणी ह्वाजाताईंच्या नूडलच्या दुकानात बसलो होतो. ह्वाजाताई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई. टीव्ही त्यांचा, रिमोट त्यांचा. एरवी त्या आपल्या माणसांचंच चॅनेल लावतात, पण त्या दिवशी मुद्दाम विरोधकांचं लावलं होतं, शिव्या द्यायला बरं पडतं म्हणून. बातमी मेंगसाहेबांचीच होती. नव्या बसस्थानकाची जागा मेहुण्याच्या घशात घातली म्हणे. रोज काही ना काही काढतात मेले. मेंगसाहेब आमचे, आमच्या ग्यंगसांग प्रांताच्या मातीतले. दोनदा महापौर झाले, मग खासदार, आणि पुढच्या खेपेला राष्ट्राध्यक्ष होणार. अर्धा देश त्यांना देव मानतो, उरलेला अर्धा चोर म्हणतो. आमच्या बाजारात ती अर्ध्याची भानगड नव्हती. बुधवारीच आम्ही सगळ्या जणी बस करून त्यांच्या सभेला गेलो होतो. मी तर इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलले.

तर पडद्यावर तो कोवळा बातमीदार म्हणाला, "काल त्यांची सभा चालू असताना त्यांच्या स्वतःच्या गावच्या बाजारात काय भावना होती, बघू या." आणि दाखवलं काय? गळ्यापासून खालचं एक माणूस. चेहरा नाही. मागचं सगळं धूसर. अंगात जांभळं, कापूस भरलेलं, बिनबाह्यांचं जाकीट, त्यावर गुलाबी फुलं. हातात लाल रबरी मोजे, एका हातात मुळा, दुसऱ्यात सुरी. आवाज बदललेला, सर्दी झालेल्या बदकासारखा. खाली अक्षरं आली, 'बाजारातील व्यापारी, वय साठीपुढे.' आणि बदक म्हणालं, "गेल्या वेळी मी यालाच मत दिलं. आता ते बोट छाटून टाकावंसं वाटतं."

मी नूडलचा वाडगा खाली ठेवला.

"अगं बाई!" ह्वाजाताई उठून उभ्याच राहिल्या. "हे आपल्या मंडळाचं जाकीट आहे!"

होतंच. गेल्या वर्षी सणाला मंडळानं सगळ्यांना एकसारखी वाटली होती. पण आम्ही सहा जणी बुधवारी बसमध्ये होतो. बाजारातली एकच बाई बसमध्ये नव्हती. कोणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सहाच्या सहा माना समोरच्या गल्लीकडे वळल्या, जिथे सुन्चनवालीची मोड आलेल्या कडधान्याच्या सुपाची खानावळ आहे.

सुन्चनवाली जोल्लाची. म्हणजे पलीकडच्या मुलखातली. लग्न होऊन इकडे आली त्याला तीस वर्षं झाली, नवरा जाऊन बारा. पण आमच्याकडे बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात, आणि तिचं माहेर असं की नुसती हाक मारली तरी ते आठवतं. तिकडची माणसं आमच्या माणसाला मत देत नाहीत आणि आमची तिकडच्या माणसाला. बाई गुणाची, कामाला वाघीण, हे मी नाकारत नाही. पण ती सभेला कधी आली नाही. "दुकान कोण बघणार?" म्हणायची. आमची दुकानं काय भुतं बघत होती?

"मला वाटलंच होतं," मी म्हणाले. मीच पहिली म्हणाले. खोटं कशाला सांगू.

तोवर ती चित्रफीत आमच्या फोनच्या ग्रुपवर आली. खाली हजारोंनी लिहिलं होतं. एकानं लिहिलं, 'शाब्बास आजी, अख्ख्या देशाच्या मनातलं बोललीस.' दुसऱ्यानं, 'ही भाड्याची नटी आहे, मुळा कापायची पद्धत बघा, असा कोणी कापतं का?' तिसऱ्यानं जाकिटाभोवती लाल गोल काढून विचारलं होतं, 'हा बाजार कुठला? तिथून कोणी काही घेऊ नका.' हे वाचून मात्र आमच्यातल्या तेलवालीचं तोंड उतरलं. एका बाईच्या जिभेपायी सगळ्यांच्या पोटावर पाय. ह्वाजाताईंनी टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "शनिवारी तिची सावड आहे ना?"

सावड म्हणजे काय ते सांगायला हवं. हिवाळ्याच्या तोंडाशी आम्ही वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालतो. एकट्या बाईचं ते काम नाही. आज माझ्याकडे सगळ्या, उद्या तुझ्याकडे, अशी फिरती सावड असते. मंगळवारी माझी झाली. सुन्चनवाली पहाटे सगळ्यांच्या आधी आली होती, स्वतःच्या घरचं मासळीचं खारं पाणी घेऊन. तिच्या हातच्या मसाल्याला तोड नाही. आमच्या सगळ्यांच्या किमचीला गेली दहा वर्षं जी चव आहे ती तिची आहे, हे सगळ्यांना ठाऊक आणि कोणी बोलत नाही. सहा घरी राबून झाल्यावर शनिवारी शेवटची पाळी तिची. दीडशे गड्डे. खानावळीचं सगळं वर्ष त्यावर. कोबी एकदा मिठात घातला की थांबत नाही. दुसऱ्या दिवशी धुऊन, निथळून, मसाला भरून डब्यात गेलाच पाहिजे, नाहीतर खारट चिंध्या. आणि दीडशे गड्डे दोन हातांनी एका दिवसात भरून होत नाहीत.

"माझी शनिवारी कंबर दुखणार आहे," ह्वाजाताई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मीही हसले. प्रत्येकीला शनिवारी काहीतरी दुखणार होतं.

घरी गेले तर हे टीव्ही बंद करून भिंतीकडे बघत बसलेले. मी सगळं सांगितलं, मीठमिरची लावून. आमचे हे, म्हणजे दुशिक, मुळात बोलणारे नाहीत. पस्तीस वर्षांत मी बोलले आणि ते 'हं' म्हणाले, असा आमचा संसार. त्या दिवशी मात्र म्हणाले, "तीच कशावरून?"

"मग काय मी?"

"सावडीला जा तू. तिनं आपली केलीय."

"डुकराचं उकडलेलं मांस चुकतंय म्हणून जीव तुटतोय वाटतं!" मी म्हटलं. किमची घालून झाली की घरची बाई मांस उकडून वाढते, आणि यांना ते फार आवडतं. त्यांनी परत भिंतीकडे तोंड केलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. झाकणावरून ओळखते म्हणे मी!

शुक्रवारी दुपारी माझ्याच्यानं राहवलं नाही. तिच्या परसात गेले. सुन्चनवाली कोबी चिरून टबात मीठ घालत होती. गडद लाल हातमोजे, तेच जांभळं जाकीट. मला बघून हसली.

"ये गं. उद्या सातला या सगळ्या. मांसाची ऑर्डर देऊन ठेवलीय, सात जणींपुरतं."

"बोट कसं आहे तुझं?" मी विचारलं.

"कुठलं बोट?"

"जे छाटून टाकायचंय ते."

तिचा हात मिठात तसाच राहिला. मग तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला उगीच माझा पदर नीट आहे का बघावंसं वाटलं, आणि मी तर पँट घातली होती.

"ओकबुन," ती म्हणाली, "मी तुमच्या मेंगला कधी मत दिलं?"

"आता मला काय माहीत?"

"तुला माहीत आहे. सगळ्या बाजाराला माहीत आहे. मी नाही देत, आणि दिलं नाही म्हणून सांगतेही. मग माझ्या बोटानं काय पाप केलंय? ज्यानं दिलं त्याला पश्चात्ताप होईल. मला कशाचा होणार?"

मी तिथेच थिजले. खरंच की! 'यालाच मत दिलं' म्हणाली होती ना ती बदकाच्या आवाजातली बाई. हजारो लोकांनी ते ऐकलं, आम्ही सहा जणींनी दहादा ऐकलं, आणि एकीच्याही डोक्यात उजेड पडला नाही. आम्ही जाकीट बघत बसलो, माहेर बघत बसलो. ती बाई आमच्यातलीच होती. आणि आमच्यातल्या तर सगळ्या बसमध्ये होत्या.

"मग कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सुन्चनवाली खाली बघून परत मीठ घालायला लागली. "ते शोधायचं काम तुमच्या मंडळाचं," ती म्हणाली. "माझ्याकडे दीडशे गड्डे आहेत."

तिथून मी तडक ह्वाजाताईंकडे गेले. सांगितलं, की ती असूच शकत नाही, अमुक अमुक कारण. ह्वाजाताई कढईतलं पाणी ढवळत राहिल्या.

"चॅनेलवाल्यांनी सांगितलं असेल तसं बोल म्हणून. तिला काय, बोलेल."

"ती साहेबांना मत देत नाही हे तर उघड सांगते ताई. खोटं बोलायचं असतं तर इथेच बोलली असती."

ह्वाजाताईंनी पळी खाली ठेवली. "म्हणजे आपल्यातली कोणीतरी, असं म्हणायचंय तुला? कोण? मी? का तू?" आणि मग हळूच, "तू फार वकिली करतेयस गं तिची. बुधवारी बसमध्ये परत येताना तूच म्हणालीस ना, साहेबांचा मेहुणा जरा अतीच करतो?"

म्हणाले होते. आरामात, संत्रं सोलता सोलता म्हणाले होते. ते शब्द कोणीतरी उचलून जपून ठेवले होते, हे मला तेव्हा कळलं. "छे छे," मी म्हटलं, "मी आपलं सहज." आणि निघाले. वाटेत मासळीवाली भेटली, तिनं विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "ठरलेलंच आहे." सुन्चनवाली निर्दोष आहे हे बाजारात फक्त मला कळलं होतं, आणि मी तोंड शिवून घेतलं. मला माझं दुकान प्यारं होतं. दुसरं काही कारण नाही.

पण डोकं थांबेना. आम्ही बसमध्ये असताना दुकानं कोण बघत होतं? नवरे. बुधवारी थंडी केवढी होती. कोणीही बायकोचं जाकीट अंगात चढवेल, त्यात लाज कसली. चेहरा झाकलेला, आवाज बदललेला, बाई म्हणून आम्हीच ठरवलं होतं. आणि मग मला आठवलं, ह्वाजाताईंच्या नवऱ्याचं साहेबांच्या कचेरीत काहीतरी बिनसलं होतं. हां! आता आलं ध्यानात. अध्यक्षीणबाईंना एवढी घाई का झाली होती सुन्चनवालीला सुळावर चढवायची? चोराच्या मनात चांदणं. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या. त्या रात्री मला छान झोप लागली.

शनिवारी सकाळी सातला मी सावडीला गेले नाही. आठला नाही. दुकानात बसून आलेल्या गिऱ्हाइकाला उगीच डाफरले. समोर सुन्चनवालीच्या खानावळीवर 'आज बंद' ची पाटी होती आणि परसातून पाण्याचा आवाज येत होता. एकटीच धूत होती.

आमचे हे मागच्या बाजूला माझं जाकीट घालून बसले होते, दुपारच्या सुपाची तयारी करत. त्यांची कंबर वाकत नाही, म्हणून पाटावर कापत नाहीत. डाव्या हातात मुळा उभा धरायचा आणि उजव्या हातानं सुरी बाहेरच्या बाजूला मारत पेन्सिलीला टोक करावं तशा कापट्या उडवायच्या. एक जाड, एक पातळ. पस्तीस वर्षं मी ओरडतेय की असा कोणी कापतं का.

असा कोणी कापतं का.

मी फोन काढला. ती चित्रफीत लावली. या वेळी जाकीट नाही बघितलं, हात बघितले. मुळा उभा, सुरी बाहेर, एक जाड, एक पातळ.

"अहो," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं आणि माझ्या हातातला फोन बघितला. सुरी खाली ठेवली. हातमोजे काढले, एकावर एक ठेवले.

"तुम्ही मेंगसाहेबांच्या विरोधात...?"

"हं."

"कधीपासून?"

"बसस्थानकापासून. त्याच्याही आधीपासून."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत? पस्तीस वर्षं एका ताटात जेवतोय आपण! बायकोला सांगायचं सोडून त्या दीडदमडीच्या पोराला सांगितलंत? सगळ्या देशापुढे?"

"त्यानं विचारलं," ते म्हणाले. "'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलं त्यानं. आणि तोंड झाकतो म्हणाला."

मला राग यायला हवा होता, तो येत होता आणि मध्येच कुठेतरी जिरत होता. मी विचारलं, "मग ती बाई फुकट मरतेय ते दिसत होतं ना? सांगायचं होतं मला."

"दोनदा सांगणार होतो. भीती वाटली."

"कोणाची? ह्वाजाताईंची?"

ते माझ्याकडे बघत राहिले, बस. मी खुर्ची ओढून बसले.

पहिला विचार काय आला सांगू? लपवायचा. "हे बघा," मी म्हटलं, "झालं ते झालं. कोणापुढे बोलायचं नाही. चार दिवसांत लोक विसरतील, तिला मी नंतर काहीतरी मदत करीन..."

ते उठले. हातमोजे परत घातले, कंबर धरून पायरी उतरले.

"कुठे निघालात?"

"कोबी भरायला. तू ये, नाहीतर नको येऊ." त्यांच्या तोंडून एवढा ठाम शब्द मी लग्नात ऐकला होता, त्यानंतर आजच.

ते गल्ली ओलांडून गेले, जांभळं जाकीट घालून, भर बाजारात. मी दुकान तसंच टाकून नूडलच्या दुकानात गेले. पाची जणी तिथेच होत्या, कॉफीचे पेले धरून, कंबर-डोकं-गुडघे सगळी दुखणी घेऊन. मी दारातूनच बोलले, कारण आत गेले असते तर बसले असते आणि बसले असते तर गप्प राहिले असते.

"बातमीतला माणूस माझा नवरा आहे. माझं जाकीट, माझा मुळा, माझं दुकान. तिचा काही संबंध नाही, आणि हे मला कालच कळलं होतं की ती नाही. तरी मी बोलले नाही."

ह्वाजाताईंचा पेला हवेत राहिला. "शुद्धीवर आहेस का ओकबुन? म्हणजे तुझ्या घरातच साप?"

"साप नाही हो, माणूस आहे. बोलत नाही म्हणून मला वाटलं त्याला मतच नाही. बहिष्कार घालायचाय ना? माझ्यावर घाला. माझी तोंडीलावणी उद्यापासून सडू दे. पण तिनं तुमच्या प्रत्येकीचा कोबी भरलाय. तुमच्या डब्यांत आत्ता या क्षणाला तिच्या हातचा मसाला मुरतोय. ते तरी लाजेकाजेस्तव आठवा."

मग तेलवालीनं पेला ठेवला आणि पिशवीतून हातमोजे काढले. ते पिशवीतच होते. म्हणजे सकाळी घरून निघताना तिनं घेतले होते. मासळीवाली तिच्या मागून उठली. बाकीच्या दोघी ह्वाजाताईंकडे बघत राहिल्या, आणि ह्वाजाताईंनी रिमोट उचलून टीव्ही लावला. आवाज मोठा केला.

परसात हे आणि सुन्चनवाली आमनेसामने उकिडवे बसले होते. म्हणजे ती उकिडवी, आणि ते उलट्या टबावर. भरलेल्या गड्ड्यांची एक रांग झाली होती. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते येताना जुळवलं होतं, सगळं विसरले.

"बुधवारी आमच्या दुकानात कॅमेरा आला होता," मी म्हटलं, "तुझ्या समोरच. तू बघितलं असशील."

"बघितलं की. दाराशीच होते मी."

"मग काल का नाही सांगितलंस? एवढं बोलले मी तुला!"

"आणि तुझ्या घरात काय झालं असतं?" ती पानापानात मसाला भरत होती, हात थांबला नाही. "मला तुम्ही आज ना उद्या बोलणारच होता. मला सवय आहे. त्यांना नाही."

हे मान खाली घालून बसले होते. मी हातमोजे घातले आणि पहिला गड्डा ओढला.

आम्ही पाच जण होतो. शंभराच्या वर भरले, बाकीचे उरले. उरलेले तिनं नुसते सुकवून सुपासाठी ठेवले, म्हणाली चालेल. चालणार नव्हतं, उन्हाळ्यापर्यंत तिला किमची पुरणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मांस सात जणींचं शिजलं होतं.

मांस वाढण्याआधी घरची बाई कोबीचं आतलं पिवळं कोवळं पान घेते, त्यात मसाला गुंडाळते आणि सावडीला आलेल्या प्रत्येकाला आपल्या हातानं भरवते. ही रीत आहे. तिनं तेलवालीला भरवलं. मासळीवालीला भरवलं. आमच्या ह्यांना भरवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं म्हणून त्यांनी पुसलं. मग तिनं चौथं पान गुंडाळलं. मी तोंड उघडलं.

"बोकशिम," मी म्हटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव घेतलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. पान माझ्यासमोरच्या ताटलीत ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "हातानं खा."

मी हातमोजे काढले आणि हातानं खाल्लं.